आखाडा आणि प्रयोगशाळा

मल्लविद्या ही महाराष्ट्रांत केवळ करमणुकीची बाब कधींच नव्हती. कुस्त्यांच्या फडावांचून गांवची जत्रा पुरी झाली, असें कोणी मानीत नसे. तालमींत शिरतांना पायतण दाराबाहेर काढावयाचें आणि आखाड्याच्या मातीला हात लावून तो कपाळीं न्यावयाचा, ही रीत होती. राजर्षि शाहू छत्रपतींनीं या विद्येला राजाश्रय दिला, आणि कोल्हापुरांत १९१२ सालीं पुरें झालेलें खासबाग मैदान त्या आश्रयाची साक्ष देत आजही उभें आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. १९६१ पासून महाराष्ट्र-केसरी या किताबाची परंपरा सुरू झाली, आणि त्याची गदा ज्याच्या खांद्यावर चढली त्याचें नांव घरोघर पोंचलें.

अशा परंपरेंत मल्लाचें बळ कोठून आलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे, कारण उत्तर सर्वांस ठाऊक होतें. दूध, तूप, बदामांची थंडाई, पहाटेचे जोर आणि बैठका, आणि या सर्वांवर वस्तादाची करडी नजर, हाच तो खुराक आणि हीच ती साधना. परंतु २०१६ सालच्या जुलै महिन्यांत हा प्रश्न सर्व देशांत उघडपणें विचारला गेला. आणि तो विचारला गेला तो सलग तीन वर्षें महाराष्ट्र-केसरी ठरलेल्या एका मल्लाविषयीं. तेव्हां उठलेला गलबला आतां शमला आहे. म्हणूनच त्या प्रकरणाकडे शांतपणें पाहून संशय आणि पुरावा यांचें नातें काय, हें समजून घेण्यास आतांचा काळ अधिक सोयीचा आहे.

प्रथम ज्या द्रव्यामुळें हें सारें घडलें त्याचा इतिहास पाहिला पाहिजे. पुरुषाच्या शरीरांत बल आणि मांस वाढविणारा जो स्वाभाविक रस असतो, त्याला शास्त्रज्ञ टेस्टोस्टेरोन म्हणतात. १९३५ सालीं हा रस निराळा काढण्यांत आणि पुढें प्रयोगशाळेंत तयार करण्यांत शास्त्रज्ञांस यश आलें. त्या कार्याशीं संबंध असलेल्या बुटेनांट व रुझिका या दोघांस १९३९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आजारानें खंगलेल्या रोग्यास पुन्हां अंगीं मांस यावें, हा त्या संशोधनामागील एक सद्हेतु होता. परंतु १९५४ सालीं व्हिएन्ना येथें वजन उचलण्याच्या जागतिक स्पर्धा भरल्या असतां अमेरिकन संघाबरोबर गेलेले डॉक्टर झिग्लर यांच्या कानीं आलें, कीं रशियन मल्ल या रसाचा उपयोग करितात. चार वर्षांनीं, १९५८ सालीं, सिबा या औषधी कंपनीनें मेथॅनडायेनोन नांवाचें कृत्रिम औषध डायनाबॉल या नांवानें अमेरिकेंत विक्रीस आणलें, आणि झिग्लर यांनीं तें आपल्या मल्लांना दिलें. पुढें त्यांना या गोष्टीचा पश्चात्ताप झाला. पण बाटलींतून बाहेर पडलेलें भूत परत आंत जात नाहीं.

या जातीच्या औषधांना स्टेरॉइड म्हणतात. व्यायामाबरोबर तीं घेतलीं असतां मांसपेशी लवकर भरतात आणि थकलेलें शरीर लवकर सांवरतें, हें खरें. परंतु त्याची किंमत पुढें द्यावी लागते. यकृत बिघडतें, हृदयावर ताण पडतो, रागावर ताबा राहत नाहीं. शरीराची स्वतःची रस निर्माण करण्याची शक्ति मंदावते, पुरुषाची प्रजननशक्ति क्षीण होते, आणि वाढत्या वयाच्या मुलाच्या हाडांची वाढ अकालीं थांबूं शकते. म्हणजे ही केवळ प्रतिस्पर्ध्याची फसवणूक नव्हे. स्वतःच्या शरीराकडून काढलेलें तें सावकारी कर्ज होय.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें १९७५ सालीं या औषधांवर बंदी घातली, आणि १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्यें त्यांची तपासणी प्रथम झाली. १९८८ सालीं सोल येथें कॅनडाच्या बेन जॉन्सननें शंभर मीटरचें अंतर ९.७९ सेकंदांत धांवून जगाला थक्क केलें. तीनच दिवसांनीं त्याच्या मूत्रांत स्टेरॉइड सांपडल्यामुळें त्याचें सुवर्णपदक काढून घेण्यांत आलें. अखेर १९९९ सालीं सर्व देशांसाठीं आणि सर्व खेळांसाठीं एकच नियम असावा म्हणून जागतिक उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली. ‘वाडा’ या छोट्या नांवानें ती ओळखली जाते. भारतांत तेंच काम ‘नाडा’ ही राष्ट्रीय संस्था करते.

परंतु जेथें असा परीक्षकच नसतो, तेथें काय होतें? याचें उत्तर अमेरिकेच्या बेसबॉलनें दिलें आहे. हा खेळ दिसण्यांत आपल्या क्रिकेटच्या जवळचा. चेंडू दांडक्यानें मैदानाच्या पार टोलविला कीं त्याला होमरन म्हणतात, आणि एका हंगामांत असे टोले किती मारले, याचे आंकडे तेथील लोकांस मुखोद्गत असतात. १९६१ सालीं रॉजर मॅरिसनें ६१ टोले मारून केलेला विक्रम सदतीस वर्षें टिकला. १९९८ सालीं मार्क मॅग्वायरनें ७० टोले मारले, आणि २००१ सालीं बॅरी बाँड्सनें ७३. व्यावसायिक बेसबॉलमध्यें स्टेरॉइडना बंदी असल्याचें १९९१ सालींच कळविण्यांत आलें होतें. परंतु खेळाडूंच्या तपासणीची योजना २००३ पर्यंत नव्हती. बंदी होती, पण पाहणारा कोणी नव्हता. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील बाल्को या संस्थेवर सरकारी धाड पडली आणि मोठमोठीं नांवें लोकांच्या तोंडीं आलीं. २००७ च्या डिसेंबरांत माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत ऐंशींहून अधिक खेळाडूंचीं नांवें होतीं. मॅग्वायरनें २०१० सालीं आपण स्टेरॉइड घेत होतों, अशी कबुली दिली. बाँड्सचें म्हणणें मात्र आपण जाणूनबुजून असें कांहीं घेतलें नाहीं, असेंच राहिलें. त्याच्या कारकीर्दींतील एकूण ७६२ टोले हा त्या खेळांतील उच्चांक आहे. तरी त्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत प्रवेशासाठीं क्रीडा-लेखकांचें मतदान २०२२ पर्यंत दहा वेळां होऊनही त्याला आवश्यक तीं शेंकडा ७५ मतें मिळालीं नाहींत.

या कथेंतील सर्वांत मोठी हानि बाँड्सची किंवा मॅग्वायरची नव्हे. त्याच काळांत शेंकडों खेळाडू निव्वळ मेहनतीवर खेळले असतील. पण आपण स्वच्छ होतों, हें सिद्ध करण्याचें साधन त्यांच्या हातीं राहिलें नाहीं. तपासणीच झाली नाहीं, तर निर्दोष मनुष्य कोणता दाखला दाखविणार? परीक्षकाच्या अभावीं दोषी सुटतो, एवढेंच आपण समजतों. परंतु निर्दोषही अडकतो, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं.

भारताची गोष्ट याच्या उलट आहे. येथें परीक्षा झाली, आणि मग त्या परीक्षेवरच वाद झाला.

नरसिंग यादव हे मुंबईच्या जोगेश्वरींत वाढले. कुटुंब मूळचें वाराणशीकडील, वडील दुधाचा व्यवसाय करणारे. कांदिवली येथील केंद्रांत त्यांनीं कुस्तीचे धडे घेतले. २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. २०११, २०१२ आणि २०१३ अशीं लागोपाठ तीन वर्षें महाराष्ट्र-केसरीची गदा पटकाविली. महाराष्ट्र पोलीस दलांत त्यांस उपअधीक्षकाचा हुद्दा मिळाला. २०१५ सालीं लास वेगास येथील जागतिक स्पर्धेंत ७४ किलो वजनगटांत कांस्यपदक मिळवून त्यांनीं भारतासाठीं रिओ ऑलिंपिकमधील जागा निश्चित केली.

याच वजनगटांत दुसरे एक नामवंत मल्ल होते. सुशील कुमार यांनीं २००८ सालीं कांस्य आणि २०१२ सालीं रौप्य अशीं दोन ऑलिंपिक पदकें मिळविलीं होतीं. त्यांचा ६६ किलोचा गट पुढें रद्द झाल्यानें ते ७४ किलोच्या गटांत आले होते. रिओला कोण जाणार, हें दोघांची कुस्ती लावून ठरवावें, अशी मागणी घेऊन ते दिल्ली उच्च न्यायालयांत गेले. ६ जून २०१६ रोजीं न्यायालयानें ती मागणी फेटाळली आणि नरसिंग यांचें जाणें कायम झालें. सारा देश दोन पक्षांत वांटला गेला असतांनाच पुढील प्रसंग घडला, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. कारण आधींच तापलेल्या वातावरणांत पुरावा थंड डोक्यानें पाहणें कठीण जातें.

सोनिपत येथील सराव-केंद्रांत २५ जून रोजीं नरसिंग यांच्या मूत्राचा नमुना घेण्यांत आला, आणि ५ जुलै रोजीं दुसरा. दोहोंतही मेथॅनडायेनोन सांपडलें, म्हणजे १९५८ सालीं बाजारांत आलेलें तेंच जुनें औषध. २४ जुलै रोजीं ही बातमी देशभर झाली. त्यांच्याच खोलींत राहणाऱ्या दुसऱ्या एका मल्लाच्या नमुन्यांतही तेंच द्रव्य निघालें. नरसिंग यांनीं ठामपणें सांगितलें, कीं आपण असें कांहीं घेतलें नाहीं. आपल्या खाण्यापिण्यांत कोणीतरी मुद्दाम औषध मिसळलें आहे. त्यांनीं पोलिसांत फिर्यादही दिली. पुढें तो तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

१ ऑगस्ट रोजीं नाडाच्या मंडळानें निकाल दिला: नरसिंग यांचा यांत दोष नाहीं, हें कृत्य दुसऱ्या कोणाचें आहे. ते रिओला गेले. परंतु जागतिक संस्थेला हा निकाल मान्य झाला नाहीं. खेळांतील तंट्यांचा निवाडा करण्यासाठीं १९८४ सालीं स्थापन झालेला जो क्रीडा-लवाद स्वित्झर्लंडमधील लोझान येथें आहे, त्याचें एक मंडळ ऑलिंपिकच्या काळांत रिओमध्येंच बसलें होतें. त्याच्यापुढें अपील झालें. मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेच्या संचालिका क्रिस्तियान आयोत यांनीं तज्ज्ञ म्हणून मत दिलें, कीं पहिल्या नमुन्यांत द्रव्याचें जें प्रमाण आढळलें, तें पेयांत भुकटी मिसळल्यानें येणारें नसून गोळी पोटांत गेल्यानें येणारें आहे. १८ ऑगस्ट रोजीं लवादानें निवाडा केला. कारस्थान अशक्य नाहीं, परंतु तें संभवनीय दिसत नाहीं आणि त्याला खऱ्या पुराव्याचा आधार नाहीं, असा त्याचा आशय होता. शिक्षा चार वर्षें बंदीची झाली. दुसऱ्याच दिवशीं नरसिंग यांची कुस्ती व्हावयाची होती.

आपल्याकडील पुष्कळ सुबुद्ध माणसांना हा निवाडा क्रूर वाटला. सामान्य न्यायालयांत आरोप सिद्ध करण्याचा भार फिर्यादीवर असतो. येथें मात्र, औषध आपल्या शरीरांत कसें शिरलें हें दाखविण्याचा भार आरोपीवर! ज्यानें तें मिसळलें असेल, तो कांहीं पावती देऊन जात नाहीं. मग निर्दोष माणसानें पुरावा आणावा कोठून? हा आक्षेप हलका नाहीं, आणि त्याचें उत्तर देतांना दोन निरनिराळे प्रश्न वेगळे केले पाहिजेत.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढून मासळी आली, कीं घेणाऱ्या बायका भोंवतीं जमतात. विकणारा मासळी ताजी असल्याची शपथ वाहतो. बाई त्याच्याशीं वाद घालीत बसत नाहीं. ती मासा उचलते, कल्ले उघडून पाहते आणि काय तें समजते. मासा नासला असेल तर तो कोणाच्या चुकीनें नासला, होडी उशिरां लागली म्हणून कीं बर्फ कमी पडला म्हणून, याची चौकशी ती करीत नाहीं. ती तो घेत नाहीं, एवढेंच. आणि तिनें कल्ले उघडून पाहिले म्हणून प्रामाणिक विक्रेता अपमान मानीत नाहीं. उलट त्याची मासळी त्यामुळेंच चांगल्या भावानें जाते.

आखाड्यांतील पहिला प्रश्न याच जातीचा आहे. ज्या मल्लाच्या शरीरांत बंदी असलेलें द्रव्य आहे, त्यानें आज कुस्ती खेळावी काय? समोर उभ्या राहणाऱ्या परदेशी मल्लानें कोणाचें कांहीं बिघडविलेलें नसतें. औषध चोरून घेतलें असो वा कोणी चोरून घातलें असो, त्याच्यावर पडणारा जोर सारखाच. म्हणून पहिल्या प्रश्नाचें उत्तर निष्ठुर असलें तरी न्याय्य आहे.

दुसरा प्रश्न शिक्षेचा. त्या मल्लाची चार वर्षें, म्हणजे मल्लाच्या आयुष्यांतील एक पुरें तप गेल्यासारखेंच, काढून घ्यावीं काय? येथें मात्र हेतु पाहिलाच पाहिजे, आणि नियमही तसें सांगतो: आपला दोष नव्हता हें खेळाडूनें दाखवून दिलें, तर शिक्षा कमी होते किंवा मुळींच होत नाहीं. भार खेळाडूवर असतो तो यासाठीं, कीं आपण काय खाल्लें, काय प्यालों, कोणाच्या हातचें घेतलें, हें जाणणारा तोच एक असतो. भार उलट टाकला, तर प्रत्येक दोषी मनुष्य ‘कोणीतरी मिसळलें’ एवढें म्हणून मोकळा होईल, आणि मग खरोखरच ज्याच्या अन्नांत कोणी औषध मिसळलें त्याच्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाहीं. कठोर नियम निरपराध्याला कधींकधीं जाळतो, हें नाकारतां येत नाहीं. म्हणूनच त्या नियमाबरोबर स्वयंपाकघराची राखण, खोल्यांवर देखरेख, पूरक आहाराची तपासणी, हीं सर्व कर्तव्यें संघटनेच्या माथीं येतात. खेळाडूवर सर्व जबाबदारी टाकावयाची आणि त्याच्या ताटाला पहारा मात्र द्यावयाचा नाहीं, हा न्याय नव्हे.

आणि परीक्षकाचें काय? दिल्लींतील राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता जागतिक संस्थेनें २०१९ च्या ऑगस्टमध्यें, तेथील पद्धति ठरलेल्या प्रमाणाला उतरत नाहींत म्हणून, स्थगित केली. ती २०२१ च्या डिसेंबरांत परत मिळाली. त्या मधल्या काळांत भारतीय खेळाडूंचे नमुने परदेशीं पाठवावे लागले. ही गोष्ट कमीपणाची वाटली तरी तींतील मर्म चांगलें आहे: जो दुसऱ्यांची परीक्षा घेतो त्याचीही परीक्षा होते. नमुना दोन बाटल्यांत विभागून मोहरबंद करणें, पहिलीवर शंका आली तर खेळाडूच्या समक्ष दुसरी उघडण्याची मुभा देणें, हीं सर्व बंधनें प्रयोगशाळेवर खेळाडूचा विश्वास बसावा म्हणूनच आहेत. २०२२ सालीं संसदेनें उत्तेजकविरोधी कायदा केला आणि या व्यवस्थेला कायद्याचें अधिष्ठान दिलें.

तरीही समाधान मानण्यासारखी स्थिति नाहीं. त्याच २०२२ सालीं भारतांत तपासलेल्या ३,८६५ नमुन्यांपैकीं १२५ नमुन्यांत बंदी असलेलीं द्रव्यें आढळलीं. म्हणजे शंभरांत तीनांहून अधिक. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हें प्रमाण फार वरचें ठरलें. यांत केवळ ऑलिंपिकला जाणारे नाहींत. राष्ट्रीय स्पर्धेंतील पदकावर नोकरी मिळेल, या आशेनें धडपडणारीं सामान्य घरांतील मुलेंही असतात. पदकामागें नोकरी, नोकरीमागें घराचा उद्धार, आणि या सांखळीच्या टोंकाशीं ‘हें घे, लवकर अंग भरेल’ असें सांगणारा कोणीतरी.

म्हणून हा प्रश्न कोल्हापूर किंवा सोनिपत येथेंच थांबत नाहीं. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर कुस्तीपेक्षां कबड्डीचा छंद अधिक. रात्रीच्या दिव्यांखालीं गांवोगांव सामने रंगतात, आणि २०१४ पासून व्यावसायिक कबड्डी सुरू झाल्यानें खेड्यांतील चपळ मुलालाही मोठीं स्वप्नें पडूं लागलीं आहेत. कुडाळ, कणकवली, मालवण येथील व्यायामशाळांतही भुकटीचे डबे आतां अपूर्वाईचे राहिलेले नाहींत. अशा डब्यांत वरच्या चिठ्ठीवर न लिहिलेलें द्रव्य असूं शकतें, हें अनेक देशांतील तपासण्यांत दिसून आलें आहे. मुलाचें अंग तीन महिन्यांत भरलें म्हणून कौतुक करणाऱ्या घरानें, तें कशानें भरलें, हें विचारणें म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणें नव्हे. जुना वस्ताद हेंच करीत असे. शिष्य काय खातो, केव्हां निजतो, कोणाच्या संगतींत असतो, हें सारें त्याच्या नजरेखालीं असे. प्रयोगशाळा नव्हती, पण परीक्षा होती.

नरसिंग यादव यांची बंदी २०२० सालीं संपली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बेलग्रेड येथील जागतिक चषक स्पर्धेंत ते पुन्हां मॅटवर उतरले. आपण निर्दोष होतों, हें त्यांचें म्हणणें बदललेलें नाहीं. आणि लवादाचा निवाडाही बदललेला नाहीं. ज्यांना त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो त्यांनीं तो ठेवावा; परंतु एका गोष्टीची गल्लत करूं नये. विश्वास ही मनाची वृत्ति आहे आणि पुरावा ही व्यवस्थेची बाब आहे. मनुष्य आपलासा आहे, आपल्या मातींतला आहे, म्हणून त्याला पुराव्यांतून सूट देणारा समाज उद्यां आपल्यांतल्याच दुसऱ्या एखाद्या प्रामाणिक मल्लाला निराधार करील. कारण त्याच्या खऱ्या यशाकडे बोट दाखवून कोणी हंसलें, तर त्याच्या बाजूनें बोलणारी मोहरबंद बाटली कोठेंच नसेल. तालमीच्या दारांत पायतण काढतांना मल्ल आपला अहंकार बाहेर ठेवतो, असें जुने लोक म्हणत. त्याबरोबरच आपलें शरीर केव्हांही परीक्षेस देण्याची तयारी त्यानें आंत न्यावी. आणि त्याच्या ताटाची राखण करण्याची जबाबदारी, जे त्याला आखाड्यांत पाठवितात त्यांनीं उचलावी.